८१८८ ईयू चिपचा जुना वायफाय डोंगल आणि डेबियन १३ : दिवाळीपासूनचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. आरटीएल ८१८८ ईयू चिपचा यूएसबी डोंगल घरात पडून असेल तर फेकू नका, डेबियन १३ या लिनक्स सिस्टिमवर लावून बघा. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत जुन्या डेस्कटॉपला दिवाळीपासून तोच आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सगळे अर्ज त्याच मशीनवरून जातात.

डेबियन १२ वर या डोंगलने जीव नकोसा केला होता. लाइन गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालू राही, राउटर बंद पडे. लाइन आली की राउटर सुरू, डोंगल मात्र परत जोडून घेत नसे; उपसून पुन्हा लावावा लागे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पोरं विचारायची, "काहून गेलं जी नेट?" बाहेरून आणलेला ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नल बदललं की ड्रायव्हर आपोआप नव्याने बांधणारं साधन) बसवला, तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झालं की तो कंपाइल होईना, आणि दुरुस्तीच्या फाइली उतरवायला नेटच नाही. मग मोबाइल केबलने जोडून वेळ मारून न्यायची.

डोंगल तोच आहे, बदलला तो ड्रायव्हर. डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये या चिपसाठी आर८१८८ईयू होता, तोही स्टेजिंगमध्ये, म्हणजे अजून साफ व्हायचा कोड ठेवतात तिथे. चिप बनवणाऱ्यांचा मूळ कोड अनेक सिस्टिमसाठी लिहिलेला. मेमरी घेण्यापासून लॉग छापण्यापर्यंत सगळ्यावर स्वतःचा थर, आणि ८०२.११ चा, म्हणजे वायफायच्या मानकाचा, व्यवहारही स्वतःचाच. खरं तर हा व्यवहार कर्नलमध्ये २००७ पासून मॅक८०२११ हा सगळ्या ड्रायव्हरांसाठीचा सामायिक भाग सांभाळतो. लोकांनी वर्षानुवर्षं हा कोड तासला, न लागणारी फंक्शनं एकेका पॅचने (छोट्या दुरुस्तीने) काढली. पाया मात्र तोच राहिला. शेवटी या चिपचा आधार मॅक८०२११ वर उभ्या असलेल्या आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ड्रायव्हरमध्ये आला आणि ६.३ मध्ये जुना ड्रायव्हर काढून टाकला गेला. डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नल आहे, म्हणून आमच्याकडे हा नवा ड्रायव्हर आला. वायफाय ड्रायव्हर इतकी वर्षं सांभाळणारे लॅरी फिंगर जून २०२४ मध्ये गेले. अशा माणसांचे उपकार अभ्यासिकेतल्या पोरांना माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं.

या चिपची एक गंमत कळली. वेग ठरवायचं काम इथे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कोड, करत नाही, ड्रायव्हरलाच करावं लागतं. किती फ्रेम (डेटाचे तुकडे) पोचल्या, किती पुन्हा पाठवाव्या लागल्या, याचा हिशेब चिप देते आणि त्यावरून ड्रायव्हर दर वरखाली करतो. राउटर पलीकडच्या खोलीत, मध्ये जाड भिंत. दार लोटलं की वायफायची स्थिती दाखवणाऱ्या आयडब्ल्यू कमांडमध्ये वेगाचा आकडा उतरताना दिसतो, पण जोडणी तुटत नाही. लाइन येऊन राउटर उठला की डोंगल आपोआप जोडला जातो. डीकेएमएसची कटकट संपली.

उणिवा आहेतच. फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ, कागदावर १५० एमबीपीएस, प्रत्यक्षात बराच कमी. दोघांनी एकदम व्हिडिओ लेक्चर लावलं की अडखळतं. कॅबिनेटच्या मागे सिग्नल पडतो, म्हणून यूएसबी एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणला.

नवीन घ्यायचा असेल तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसरीत ८१८८ ईयूएस आली. नाव तेच, ड्रायव्हर वेगळा. दुकानदाराला आवृत्ती विचारा, चिप शोधा, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तरच पैसे द्या.