मॅग्नेटाइट नॅनो पावडरचं पाकीट: पाचपैकी दोन तारे

बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी २५ ग्रॅमचं पाकीट ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आयत्या कोरड्या पावडरीचं रडगाणं कुठेही सारखंच असणार. काम असं: केळीच्या खोडाच्या कोळशावर मॅग्नेटाइटचे (चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या लोह-ऑक्साइडचे) कण बसवायचे, तो कोळसा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पाण्यात टाकायचा आणि रंग शोषून झाला की चुंबकाने ओढून घ्यायचा. गाळणकागदाची कटकट नाही. आमच्या रावेर-यावलकडे घड उतरले की खोडं बांधावर पडून असतात, त्यामुळे कोळशाला पैसे पडत नाहीत.

पाकिटावर २० ते ३० नॅनोमीटर छापलंय. असतीलही, पण सुकलेले कण एकमेकांना असे धरून बसतात की पाण्यात हलवून ठेवलं की लगेच गाळ तळाला. रंगही काळा कमी, तपकिरी जास्त; म्हणजे हवा लागून मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट (तपकिरी लोह-ऑक्साइड) व्हायला लागलंय. चुंबक तरीही पकडतो. दोन तारे त्याचेच.

खरी गंमत पुढे. पावडर कोळशाबरोबर खलात घोटली, पाणी घातलं, बाटलीला बाहेरून चुंबक लावला. पावडर सगळी काचेला चिकटली आणि कोळसा पाण्यातच तरंगत राहिला! नवरदेव मांडवात, वऱ्हाड स्टँडवर.

त्यापेक्षा कण कोळशावरच तयार होऊ द्या. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने मासार यांनी १९८१ साली मांडलेली सहअवक्षेपणाची रीत (लोहाचे दोन क्षार एकत्र विरघळवून अमोनियाने मॅग्नेटाइट म्हणून खाली बसवायचे) आमच्यासारख्या साध्या लॅबमध्येही जमते. ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड (सहा पाण्याचं, म्हणजे स्फटिकात पाण्याचे सहा रेणू असलेलं) आणि २.७८ ग्रॅम फेरस सल्फेट (सात पाण्याचं) घेतलं की फेरिक-फेरस या लोहाच्या दोन रूपांचं २:१ प्रमाण बरोबर जुळतं आणि सुमारे २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतं. नायट्रोजनचं सिलिंडर नसेल तर डिस्टिल्ड वॉटर आधी उकळून घ्या, विरघळलेली हवा निघून जाते. फेरस सल्फेट लॅबचंच घ्या. कृषी केंद्रातला हिराकस (तेही फेरस सल्फेटच) बऱ्याचदा पिवळा पडलेला असतो, म्हणजे त्यातलं थोडं फेरस आधीच फेरिक झालेलं. प्रमाण तिथेच बिघडतं.

कोळसा आधी भरपूर धुवा. केळीच्या खोडात पोटॅश खूप, न धुतलेला कोळसा अल्कधर्मी असतो आणि अमोनिया घालायच्या आतच लोह खाली बसायला लागतं. धुतलेला कोळसा द्रावणात ढवळत, ७० अंशांच्या आसपास गरम ठेवून अमोनिया थेंबथेंब सोडा. पिवळट द्रावण बघता बघता काळं होतं. मुलं दरवेळी ओरडतात, मलाही आवडतं. मग तळाशी चुंबक धरून पाणी ओतत राहायचं, लिटमस निळा होईनासा होईपर्यंत.

कोळसा मॅग्नेटाइटइतकाच घेतला तर चुंबक झटकन ओढतो. दुप्पट घेतला तर रंग जास्त शोषतो, पण ओढायला वेळ लागतो. मी दुप्पटवाला वापरतो, थांबायला माझी हरकत नसते. आम्लाच्या पाण्यात मात्र हा माल टाकू नका, लोह विरघळून बाहेर येतं.

शाळेत नुसतं 'हे बघा, चुंबकाला चिकटतं' दाखवायचं असेल तर पाकीट घ्या. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या निओडिमियम चुंबकावर घालावेत. आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच वापरा, उघड्या चुंबकावर चिकटलेला काळा भुगा नखाने खरवडूनही निघत नाही. अमोनियाची बाटली जळगावच्या मे महिन्यात उघडणार असाल तर आधी बर्फात ठेवा, तोंड लांब धरा.