घरच्या ओटीजीत पोर्क रिब्स: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

साधा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन आहे. चाळीस लिटरच्या आसपासचा, १६०० वॉटचा, वर-खाली रॉड, आत पंखा नाही. घेतला होता केक-बिस्किटांसाठी, पण गेल्या पावसाळ्यापासून तो जास्त तापतो डुकराच्या बरगड्यांसाठी. एवढे महिने वापरून आता ठामपणे सांगते, हाडालगतचं मांस मऊ व्हायला अंगण, शेगडी, महागडा स्मोकर यांतलं काही लागत नाही. खरं तापमान सांगणारा थर्मामीटर लागतो आणि एक मोकळी दुपार लागते.

थर्मामीटरवर मी इतका जोर देते, कारण ओटीजीच्या बटणावरचा आकडा भरवशाचा नसतो. माझ्याकडे बटण १३० अंशांवर ठेवलं की आत ठेवलेला थर्मामीटर कधी ११५ दाखवतो, कधी १५०. रॉड आपोआप बंद-चालू होत राहतात, त्यामुळे काटा झुलतच असतो. बघायची ती सरासरी. ती १२० ते १३५च्या दरम्यान राहिली की काम झालं. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त तापते, म्हणून मध्ये एकदा ट्रे फिरवते. तेवढं सोडलं तर दार उघडत नाही. एवढ्याशा ओव्हनमधली गरम हवा दार उघडताच निघून जाते आणि पुन्हा तापायला वेळ जातो.

बरगडीच्या मांसात कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, भरपूर असतं. ७० अंशांच्या पुढे ते विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं, पण त्यासाठी तासन् तास ती उष्णता टिकावी लागते. खाण्यासाठी मांस सुरक्षित होतं ते त्याच्या कितीतरी आधी. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा हे प्रमाण ठरवलं. पण ६३ अंशांवर बरगडी चावून तुटत नाही. मी आतलं तापमान ९२ ते ९५पर्यंत नेते. पोर्क कच्चं राहील ही भीती अनेकांना असते. या पद्धतीत तिला जागाच उरत नाही.

मटण आणतानाच एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या वसईकडे डुकराचं मटण म्हणजे सणाचं इंदियाल नाहीतर सोरपोतेल. रश्श्याच्या सवयीने खाटीकदादा बरगड्या सत्तुराने इंच-दोन इंचांवर तोडून मोकळे होतात. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, ‘दादा, पट्टा अख्खा ठेवा, चरबी सगळी काढू नका.’ घरी आणल्यावर तो दोन भागांत कापते, कारण ओटीजीच्या ट्रेवर अख्खा मावत नाही. आतल्या बाजूला पातळ, चिवट पडदा असतो. सुरीच्या टोकाने कडेला सैल करून कागदी नॅपकिनने धरला की सरसर ओढून निघतो. तो ठेवलात तर मसाला त्या बाजूने लागत नाही आणि खाताना चामट पापुद्रा दातात अडकतो.

मीठ आदल्या रात्री. सकाळी काश्मिरी मिरची, मिरी, जिरं, लसूण पावडर, मोहरीची पूड आणि थोडा किसलेला गूळ. मग फॉइलमध्ये घट्ट बांधायचं. घरात वापरतो ते फॉइल ११ मायक्रॉनचं असतं, हाडाच्या टोकाने सहज फाटतं, म्हणून दुहेरी घेते. आत चमचाभर माडाचं व्हिनेगर जातं. आंबट पदार्थ फॉइलला लागू नये म्हणून मध्ये बटर पेपर. बंद पुडक्यात वाफ कोंडली की मांस कोरडं पडत नाही आणि शिजायलाही वेळ कमी लागतो. खालच्या खणात पाणी घातलेला ट्रे हवाच. चरबी थेट रॉडवर पडली तर घरभर धूर होतो, प्रसंगी पेटतेसुद्धा.

दोन-अडीच तासांनी पुडकं उघडते आणि पाऊण तास तसंच भाजू देते. सॉस लावायचा तो अगदी शेवटी, पंधरा मिनिटं राहिली असताना, वरचा रॉड लावून. आधी लावला तर त्यातली साखर करपते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीकडचा टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीसारख्या पाकाचा) दाट गोड सॉस बहुतेकांना आवडतो, मला तिथल्याच मेम्फिस शहराची कोरड्या मसाल्याची पद्धत जवळची वाटते. तिच्यात मांसाची चव पुढे राहते. पुडक्यात उरलेला रस आटवून वरून लावला की बाटलीतल्या सॉसची आठवणही येत नाही.

शिजलं हे कसं ओळखायचं? पट्टा चिमट्याने एका टोकाला उचलायचा. तो लवला आणि वरचा थर तडकला, की झालं. हाडांची टोकंही साधारण बोटाच्या पेराइतकी उघडी पडलेली दिसतात. मांस हाडावरून आपोआप गळून पडलं की लोक खूश होतात, पण कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत त्याला जास्त शिजलेलं धरतात. चावल्यावर तेवढाच घास सुटावा, बाकीचं हाडाला धरून राहावं. मलाही तेच पटतं. कुकरमध्ये उकडून नंतर भाजण्याची युक्ती बरेच जण सांगतात. मांस मऊ होतं खरं, पण अर्धी चव पाण्यात उतरते.

उणीव एकच, धुराची. अमेरिकेत बार्बेक्यूला वापरतात त्या हिकरीच्या लाकडाचा धूर ओटीजीत येत नाही, आणि ते मान्य करूनच हे करावं. मी शेवटी झाकणाच्या मोठ्या टोपात पट्टे ठेवून मधल्या वाटीत लाल निखारा घालते, त्यावर पोर्कच्याच चरबीचे दोन थेंब, आणि पाच मिनिटं झाकण. धुरी वरच्या थरालाच लागते, पण खमंग लागते.

विजेचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: १६०० वॉटचा ओव्हन तीन तास सलग तापला तर जवळपास पाच युनिटं होतील, पण एवढ्या कमी तापमानाला रॉड बराच वेळ बंदच असतात, त्यामुळे वापर त्याहून पुष्कळ कमी होतो.

यासाठी नवा ओटीजी घेणार असाल तर लिटरच्या आकड्यापेक्षा आतली रुंदी टेपने मोजा, बटण १०० अंशांपासून सुरू होतं का बघा आणि टायमरला सतत चालू ठेवण्याची सोय असलेलाच घ्या. माझा टायमर साठ मिनिटांचा आहे, दर तासाला उठून फिरवावा लागतो.