भाजी खतावर, नाव माशांचं: अ‍ॅक्वापोनिक्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

पालघर जिल्ह्यात खाडीलगत आमची जमीन आहे. थोडी गोड्या विहिरीवर, बाकीची खाजण. ‘गोड्या पाण्यात तिलापिया आणि लेट्यूस, खाऱ्या पाण्यात जिताडा आणि टोमॅटो’ असा जोडप्रकल्प उभारून देतो म्हणून एका कंपनीने माझ्याकडून आणि माझ्या दिरांकडून साडेअकरा लाख रुपये घेतले. हीच माणसं आता रायगड-रत्नागिरीकडे मेळावे घेत असल्याचं कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अ‍ॅक्वापोनिक्स हे थोतांड नाही, हे आधी सांगते. माशांकडून पाण्यात अमोनिया उतरतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते झाडं शोषतात आणि तेच पाणी पुन्हा माशांकडे जातं. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं चालवून दाखवली. शास्त्र खरं आहे म्हणूनच फसवणाऱ्याचं फावतं. त्याचं बोलणं कुठेही पडताळा, दुजोराच मिळतो. लबाडी असते ती हिशेबात.

कंपनीच्या शेडमध्ये साधारण शंभर चौरस मीटरवर थर्माकोलचे तराफे होते आणि त्यावर लेट्यूस भरगच्च वाढला होता. पानं तजेलदार, कुठे पिवळी शीर नाही. टाकीत मात्र बोटाएवढे मासे, सगळे मिळून चाळीसेक किलो भरतील एवढेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2014 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे माशांना रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य घालावं लागतं. म्हणजे त्या शेडला रोज चार-पाच किलो. वाढता मासा दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के खातो असं धरलं, तर टाकीत दोन-अडीचशे किलो मासे हवेत. मग ती भाजी कशावर पोसली होती? शेडमागे 19:19:19 या नत्र-स्फुरद-पालाशच्या रासायनिक खताची रिकामी पोती पडलेली होती. भाऊजींनी तिथेच विचारलं, तर “ती शेजारच्या शेतकऱ्याची,” असं उत्तर आलं. पुढे तिथून काम सोडलेल्या एका मुलाने सांगितलं, की पाहुणे यायचे असले की आधीपासून हे खत टाकीत विरघळवायचे. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये लोह वरून द्यावं लागतं, त्यात वावगं काही नाही. पण नत्र पोत्यातून येत असेल, तर मासे फक्त दाखवायला ठेवलेले असतात.

आमच्याकडे टाक्या बसल्या त्याच दिवशी त्यांनी सगळं मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं. जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे घालायचेच तर अगदी थोडे, आणि अमोनिया-नायट्राइट रोज तपासत राहायचं. यातलं अक्षरही आम्हाला सांगितलं नव्हतं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. एका मेलेल्या माशाचं कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं, तर आत लालऐवजी चॉकलेटी रंग होता. नायट्राइट रक्तात गेलं की असंच होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, “वहिनी, तुमच्या विहिरीचं पाणीच खराब आहे.” आणि जिवाणूंची म्हणून एक पावडर वेगळे पैसे घेऊन दिली.

वाचलेले तिलापिया ‘फक्त नर’ म्हणून विकलेले होते, बिलावर तसं छापलंही होतं. काही महिन्यांनी टाकीच्या कडेने पिल्लांचे थवे फिरू लागले. नर-मादी दोन्ही असल्याशिवाय हे होत नाही. शिवाय तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, हेही त्यांनी लपवलं.

खाऱ्या पाण्याचा भाग तर उघड खोटा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. जिताडा खाऱ्यात, निमखाऱ्यात, गोड्यातही जगतो, टोमॅटो खाऱ्यात जगत नाही. आमच्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि रोपं बसली. खाऱ्या पाण्यावर वाढणारी भाजी म्हणजे सॅलिकॉर्निया किंवा आपल्या खाडीकाठची मोरस, आणि त्यांना गिऱ्हाईक शोधणं हा वेगळाच उद्योग आहे. समुद्राच्या पाण्यावर टोमॅटो, पालक, लेट्यूस पिकवून देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

सगळा माल आम्हीच घेऊ, असा करार होता. त्यात मालाचा दर्जा ‘कंपनीच्या निकषांनुसार’ असावा असं एक वाक्य होतं आणि निकष कुठेच लिहिलेले नव्हते. त्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी एक जुडीही उचलली नाही. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने शेतकऱ्यांना फसवलं, तेव्हाही अंडी-पक्षी परत घेण्याचंच आमिष होतं.

अनुदानाचंही तेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 टक्के मिळतात, म्हणून अर्ज माझ्या नावाने करू म्हणाले आणि ‘फाइल खर्च’ घेतला. योजनेतला टक्का खरा आहे, पण जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी केली तेव्हा माझ्या नावाचा अर्जच नव्हता. तुम्ही स्वतः त्या कार्यालयात जा, पैसे देण्याआधी जा. आणि विकणाऱ्याकडे त्याच्या शेडची गेल्या सहा महिन्यांची माशांच्या खाद्याची बिलं मागा. खरा माणूस ती लगेच काढून देतो, कारण त्याच्या रोजच्या मोठ्या खर्चांपैकी तो एक असतो.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. व्यवसायासाठीची खरेदी असली, तरी ती स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी असेल तर 2019 चा कायदा आपल्याला ग्राहक मानतो. ज्यांच्याकडे असाच करार आहे त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुसू नका, बिलं आणि बँकेच्या नोंदी जपा, मेलेल्या माशांचे फोटो तारखेसह ठेवा, आणि आपापल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. कंपनी आमच्या प्रकरणात ‘एकाच शेतकऱ्याने नीट सांभाळलं नाही’ असं म्हणते आहे, त्यामुळे दुसरी, तिसरी तक्रार येणं फार गरजेचं आहे.