ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत वीज: वरून तार, जमिनीतून केबल, वेगळे मीटर की सौर?

घरापासून सुट्या असलेल्या शेडमध्ये किंवा कोठ्यात वीज नेण्याचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो: अंतर किती आहे आणि तिथे चालणारे सर्वांत जड यंत्र कोणते. येथे अंतर 40 मीटर आणि यंत्र म्हणून 1 एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी धरली आहे.

वरून सर्व्हिस वायर ओढणे सर्वांत स्वस्त पडते. 4 चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम वायर, आधाराची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, एखादा लोखंडी खांब आणि मजुरी एवढ्यात काम होते. मात्र अडचण मोटार सुरू होताना कळते. चालू मोटार साधारण 7 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाचपट करंट ओढते, आणि तेवढ्या करंटला या वायरमध्ये 20 व्होल्टच्या आसपास दाब गळतो. संध्याकाळी गावात मुळातच 190 व्होल्ट येत असतील तर मोटार नुसती घुमते, फिरत नाही आणि शेवटी वाइंडिंग जळते. शिवाय तुरीच्या कुटाराने वरपर्यंत भरलेली ट्रॉली त्या तारेखालूनच जाणार, हे खांबाची उंची ठरवताना विसरू नये.

जमिनीतून 10 चौरस मिलिमीटरची दोन कोअरची आर्मर्ड (पोलादी कवचाची) अॅल्युमिनियम केबल टाकल्यास तीच गळती 8 व्होल्टवर येते. केबलला मीटरमागे अंदाजे 100 ते 150 रुपये धरावेत. चराची मजुरी वेगळी. चर पाऊण मीटर खोल हवा, तळाशी आणि केबलवर वाळू, त्यावर विटांचा थर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून केबल ताणून न टाकता थोडी सैल, नागमोडी टाकावी. माझ्या मते 60-70 मीटरपर्यंत हाच पर्याय घ्यावा, सुरुवातीला पैसे जास्त लागले तरी.

या दोन्ही पर्यायांत वाढीव वापर घरच्याच मीटरवर येत असल्याने महिन्याचे युनिट 100 च्या वर गेले की वरचे युनिट महागड्या टप्प्याच्या दराने लागतात. तरीही वेगळ्या मीटरचा स्थिर आकार वापर नसतानाही दरमहा भरावा लागतो, त्यामुळे केवळ दिवे आणि कडबाकुट्टीसाठी ते परवडत नाही. शेडमध्ये वेल्डिंग किंवा दुरुस्तीचा धंदा असेल तर मात्र त्या वापराची स्वतंत्र जोडणी घ्यावीच. वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते. शेतीपंपाच्या जोडणीवरून शेडला वीज घेणेही त्यातच मोडते.

शेड वावरात, घरापासून लांब असेल तर हिशेब बदलतो आणि बॅटरीसह सौर संचाचा विचार करावा लागतो. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात, पण शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावेत. तेवढ्यात चार एलईडी दिवे, मोबाइल आणि फवारणीपंपाचे चार्जिंग आरामात भागते. कडबाकुट्टी भागत नाही. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या घरगुती छतासाठी आहे, वावरातल्या अशा सुट्या संचाला नाही.

पर्याय कोणताही असो, शेडमध्ये स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाल्यास वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंगचा खड्डा यांचे पैसे अंदाजपत्रकात लिहूनच घ्यावेत, कारण मिस्त्रीच्या तोंडी हिशेबात हेच बहुधा सुटते, आणि कोठ्यात ओल्या जमिनीवर उभ्या जनावराला माणसाहून कमी दाबाचा शॉकही पुरतो.