आधी सेकिरो की एल्डन रिंग?

सातपूरचा माझा मामेभाऊ बोनसच्या पैशांतून एकच गेम घेणार आहे. "दादा, दोन्ही अवघड म्हणतात, मग आधी कुठला घेऊ?" मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलोय, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

दोन्ही गेम जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे, दोन्हींचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. सेकिरो मार्च २०१९ मध्ये आला, एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये. 'सोपं करा' असं बटण दोन्हींत नाही. फरक आहे तो अडकल्यावर. तिथून पुढे गेम तुम्हाला काय करू देतो, त्यावर तुमची चिडचिड कुठल्या जातीची होणार ते ठरतं.

आपल्या नाशिककडच्या डोंगरांवरून सांगतो. एल्डन रिंग अंजनेरीसारखा आहे. पायऱ्या चढून गेलात की पठार लागतं, दम खा, तळ्याकडे जा, मग वरचा टप्पा बघू. सेकिरो म्हणजे हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्या. खोबणीत बोटं अडकवायची आणि वर जायचं, बाजूला सरकायला जागा नाही.

एल्डन रिंगमध्ये मोकळ्या मैदानावर पाऊल टाकलं की समोरच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो. दोन-तीन घावांत तो तुम्हाला आडवा करतो. त्याच्याशी आत्ताच लढायची सक्ती नाही, वळसा घालून जाता येतं. किल्ल्याच्या वाटेवरच्या मार्गिट नावाच्या बलाढ्य शत्रूने मला आठवडाभर अडवलं. मग मी दक्षिणेला गेलो, गुहा धुंडाळल्या, लेव्हल वाढवली, मदतीला बोलावता येणारे आत्मे मिळवले आणि परत येऊन त्याला पाडलं. आनंद झालाच. पण मनात राहिलं, मी सुधारलो की फक्त माझी लेव्हल? इथली खरी जळजळ वेगळीच आहे. मेल्यावर जमवलेले रून्स (म्हणजे लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागणारी कमाई) तिथेच पडतात, आणि ते उचलायच्या आधी पुन्हा मेलात तर कायमचे गेले. तासाभराची कमाई अशी गेली की हातातला कंट्रोलर जड होतो.

सेकिरोत ही पळवाट जवळजवळ नाही. मेल्यावर निम्मे पैसे आणि निम्मा अनुभव बहुतेक वेळा जातो, पण ते दुखत नाही. दुखतं ते हे, की दोष द्यायला दुसरं काही उरत नाही. हातात एकच तलवार. मणी गोळा करून हेल्थ थोडी वाढते, बाकी सगळं समोरच्याचा घाव नेमक्या क्षणी अडवण्यावर. तसा अडवत गेलात की त्याचा तोल सुटतो आणि एका वारात काम होतं. अशिना किल्ल्याच्या माथ्यावरच्या गेनिचिरो या योद्ध्यापाशी मी सलग चार संध्याकाळी हरलो. मी लांब पळत होतो, तो बाण मारत होता. पाचव्या दिवशी पळणं सोडलं, जवळ उभा राहिलो आणि तलवारींच्या आवाजाकडे कान लावला. ज्या पहिल्या टप्प्यात माझी सगळी औषधं संपायची, तो अंगाला ओरखडा न येता पार झाला. शेवटी तो वीज फेकतो, ती हवेत झेलून पाय टेकायच्या आत परत मारायची असते. ती बसली तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. गेनिचिरो तोच होता, माझी तलवारही तीच, फक्त हात बदलला होता. हे समाधान मला एल्डन रिंगने दिलं नाही, आणि म्हणून माझं माप सेकिरोकडे झुकतं.

आता मशीनचं. एल्डन रिंगला किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. सेकिरो ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागेत बसतो, ग्राफिक्स कार्डही जुनं चालतं. सेकिरो पॉज होतो. एल्डन रिंगमध्ये मेनू उघडला तरी शत्रू थांबत नाही, त्यामुळे आईने जेवायला हाक मारली की पंचाईत. वेळही बघा: मला सेकिरोला साधारण चाळीस तास लागले, एल्डन रिंगला शंभराच्या वर.

लॅपटॉप अगदीच साधा असेल तर २०१८ चा सेलेस्ट हा तिसराच गेम घ्या. मेलात की क्षणात त्याच पडद्यावर पुन्हा उभे, आणि गरज पडली तर मदतीची सोयही आहे.

अडकलं की महिनाभर गेम बंद ठेवायची सवय असेल, किंवा मित्राला सोबत घेऊन खेळायचं असेल, तर बिनधास्त एल्डन रिंग. मामेभावाकडे ८ जीबीचा जुना लॅपटॉप आहे, शिफ्टनंतर तासभर मिळतो आणि एकदा धरलं की तो सोडत नाही. त्याला मी सेकिरो सांगितलाय. सोबत एकच सूचना: गेममधल्या पडक्या मंदिराबाहेर हानबेई नावाचा योद्धा उभा असतो, तो कितीही मारलं तरी मरत नाही. पुढे जायची घाई न करता रोज दहा मिनिटं त्याच्याशी घाव अडवायचा सराव कर.