दुसरे बाळंतपण माहेरी की सासरी : कापूसपट्ट्यातल्या एका घराचा ताळा

पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, ही आपल्याकडची रीत इतकी रुळलेली आहे की दुसऱ्या वेळी पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी काढतच नाही. माझ्या मते तो काढायला हवा आणि सातवा महिना संपायच्या आत काढायला हवा, कारण या वेळी घरात दोन-तीन वर्षांचे आणखी एक लेकरू असते आणि ही रीत पडली तेव्हा त्याचा विचार कोणी केलेला नव्हता. माझे सासर यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या कापसाच्या गावात आहे. माहेर अमरावती जिल्ह्यात, वरूडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात. माझी मुलगी माहेरी झाली आणि मुलगा सासरी. माझ्या धाकट्या जावेची मात्र दोन्ही बाळंतपणे माहेरी झाली. त्यामुळे दोन्हीकडचे बरे-वाईट मी जवळून पाहिले आहे, आणि ज्या घरात आज हा विचार चालला असेल त्या घरासाठी ते इथे समोरासमोर मांडते आहे.

आधी दवाखाना

माया, सोय, मानपान हे सगळे नंतर बघावे. आधी दोन्ही गावांहून ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना किती दूर आहे ते बघावे. माझ्या पहिल्या वेळी आम्ही ते बघितले नव्हते. रात्री कळा सुरू झाल्या, जवळच्या एका दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा तिथे भूलतज्ज्ञ नव्हते. तिथून पुढे पाठवले आणि अमरावतीला पोहोचेपर्यंत पहाट झाली. मुलगी सिझरने झाली आणि सुखरूप झाली, पण त्या रस्त्यावर माझ्या आईने माझा हात एकदाही सोडला नाही, हे मला आजही आठवते.

एकदा सिझर झाले की पुढचे बाळंतपण साधे होऊ शकते, पण ते अशाच ठिकाणी व्हावे लागते जिथे गरज पडली तर लगेच सिझर करता येईल आणि रक्त मिळेल. त्यामुळे दुसऱ्या वेळी माझ्यापुरता निकाल इथेच अर्धा लागला होता. सासरहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, असे दोन मोठे दवाखाने गाठता येतात. माहेरहून अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते आणि दोन्ही वाटा लांबच्या आहेत. जावेचे गणित नेमके उलटे होते. तिचे पहिले बाळंतपण साधे झालेले आणि माहेर यवतमाळ शहराला लागून, म्हणून तिने माहेरी जाणे या बाबतीत निर्विवाद बरोबर होते. ज्यांचे पहिले बाळंतपण साधे झाले त्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी की दुसऱ्या खेपेला कळा बहुधा लवकर पुढे सरकतात. पहिल्या वेळी दिवसभर वेळ मिळाला होता म्हणून याही वेळी मिळेल, असे धरून चालू नये.

कुठे जायचे ते ठरवण्याआधी काही तपासण्या हातात असाव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे डॉक्टरांना सरळ विचारावे की माझ्या प्रकृतीला कोणता दवाखाना लागेल. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ती रक्तक्षयाची अवस्था आहे, आणि ७ च्या खाली असेल तर गावाजवळच्या छोट्या दवाखान्यावर विसंबणे धोक्याचे आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर पहिल्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिले होते का याची नोंद शोधून ठेवावी, कारण रक्तगट न जुळल्याने बाळाला होणारा धोका बहुधा दुसऱ्या गरोदरपणात पुढे येतो. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे आईबापांकडून लेकरात येणाऱ्या रक्ताच्या आजाराचे, प्रमाण मोठे आहे, म्हणून पहिल्या वेळी ती तपासणी राहिली असेल तर नवरा-बायको दोघांनीही आता करून घ्यावी. पहिल्या गरोदरपणात टीडीचे, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे, दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर या वेळी एकच बूस्टर पुरतो. त्यासाठीही जुने कार्ड लागते. ते पहिल्या वेळी माहेरच्या कपाटात राहून गेलेले असते, ते आधी मागवून घ्यावे.

मोठ्या लेकराचे काय

दवाखान्याचे अंतर दोन्हीकडे सारखेच असेल तर मी सगळ्यात जास्त वजन या प्रश्नाला देईन.

माहेरी गेले की मोठे लेकरू आपल्यासोबत येते. तिथे त्याला आजीची मांडी मिळते, मामा खांद्यावर घेऊन हिंडतो आणि आपल्याला खरोखर झोप मिळते. पण त्याची अंगणवाडी सुटते, रोजचे सवंगडी सुटतात आणि बाबा दिसेनासे होतात. जावेचा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. माहेरी गेल्यावर पहिले दहा दिवस तो नीट जेवला नाही आणि रात्री उठून बाबांना शोधत असे. चार महिन्यांनी परतला तेव्हा बाप हात पुढे करून उभा आणि मुलगा आईच्या पदराआड. तो पुन्हा जवळ यायला आठवडा लागला. माझ्या दिराला त्या आठवड्याचे जेवढे वाईट वाटले तेवढे, त्याच वर्षी सोयाबीन पावसात भिजले, त्याचेही वाटले नव्हते.

सासरी राहिले तर लेकराची घडी मोडत नाही. माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती. मला सातवा महिना असताना तान्हा पोळा आला. तिने लाकडी बैलाला बेगड लावली, तिच्या बाबांनी चाकांना तेल दिले आणि दोघे मिळून गावभर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागून आले. मी माहेरी गेले असते तर तिचा तो दिवस असा झाला नसता. बाळाला घरी आणले तेव्हाही ती आपल्याच घरात, आपल्याच बाजेवर होती. बाळ तिच्या घरी आले होते. तिला कोणी उचलून बाळाच्या घरी नेले नव्हते. हा फरक लहान मुलांना फार कळतो, असा माझा अनुभव आहे. ती बाळाच्या मुठीत बोट अडकवून बसायची आणि विचारायची, "माय, हा बाबू माह्यासंग कवा खेळन?"

पण सासरच्या पारड्यात एक जड गोष्ट उलटी पडते. सिझरनंतर काही आठवडे जड उचलायचे नसते, आणि साडेतीन वर्षांचे लेकरू हे जडच. दुपारी घरात दुसरे कोणी नसेल आणि ते "घे ना" म्हणून रडत असेल, तर कोणती आई टाके आठवून थांबेल? एका दुपारी मी बाळाला पाजत होते. मुलगी शेजारच्या खोलीत कापसाच्या गंजीवर चढून खेळता खेळता तिथेच झोपली. मी उठून तिला उचलू शकले नाही, आणि हाक मारावी तर बाळ जागे होईल. ती जागी झाली तेव्हा तिच्या मानेवर आणि हातांवर लाल पुरळ उठले होते. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी भाव वाढेल या आशेने कापूस घरातच ठेवावा लागतो. ज्यांना सासरी राहायचे आहे त्यांनी बाळंतिणीची खोली आणि कापसाची खोली यांत निदान एक भिंत आणि एक बंद दार ठेवावेच.

हंगाम आणि हात

घरात माणसे किती, यापेक्षा त्या महिन्यात हात मोकळे कोणाचे, हा प्रश्न खरा आहे. माझी तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीची होती. सासरी तेव्हा सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी भरात असते, मजूर मिळत नाहीत आणि सासूबाई सकाळी भाकरी बांधून वावरात गेल्या की दिवस मावळताना परततात. माहेरी आंबिया बहाराची संत्री असतात, पण बाग व्यापाऱ्याला झाडावरच विकली जात असल्यामुळे तोडीला घरच्या बायका लागत नाहीत. म्हणजे केवळ हातांचा हिशोब केला तर नोव्हेंबरमध्ये माहेर सरस ठरत होते.

तारीख मेमध्ये असती तर हा हिशोब फिरला असता, कारण उन्हाळ्यात वावर रिकामे असते आणि सासरी माणसे घरी असतात. मग प्रश्न उरतो तो पाण्याचा, कूलरचा आणि विजेचा. पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा नवजात बाळासाठी ज्या घरी भिंती जाड, छत उंच आणि पाणी नियमित, ते घर निवडावे, मग ते कोणाचेही असो. जुलै-ऑगस्टमध्ये तारीख असेल तर गावाच्या नाल्यावर पूल आहे का, हे बघावे. पूर आला की रुग्णवाहिका पलीकडे थांबते. ज्या गावाची वाट नाल्यातून जाते त्या गावी शेवटचे दोन आठवडे थांबूच नये. तालुक्याच्या गावी कोणा नातेवाइकाकडे जाऊन राहावे.

पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत कापसावर फवारणी चालते, त्याबद्दल जरा कळकळीने सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या आसपासचेच होते. गरोदर बाईने फवारणीच्या दिवसांत वावरात जाऊ नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत आणि पंप घरात ठेवू देऊ नये. सासरी हे पाळले जाणार नसेल, तर ते दिवस माहेरी काढायला तेवढे एकच कारण पुरेसे आहे.

कागद, पैसे, आशाताई

इथे दोन्हीकडे फारसा फरक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना व परतीचे वाहन मोफत असते, मग घर सासरचे असो की माहेरचे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असेल तर पात्र आईला ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले खाते लागते. जन्माची नोंद मात्र बाळ जिथे जन्मले तिथेच, २१ दिवसांच्या आत होते. माहेरी बाळंतपण झाले तर दाखला हातात घेऊनच सासरी परतावे, नाहीतर पुढे शाळेच्या वेळी फक्त त्या कागदासाठी फेऱ्या होतात.

माहेरी जाणार असाल तर तिथल्या आशाताईंना आधीच सांगून ठेवावे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला बघतात. गावातल्याच बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि मग देशभर गेली. आपल्याच विदर्भातून निघालेली ही सोय आपल्याच बाळाला केवळ पत्ता न कळवल्यामुळे मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

खाणे आणि शब्दाचा मान

माहेरी आईला "नको" म्हणता येते, सासरी म्हणता येत नाही, असे सगळे धरून चालतात. माझ्याकडे उलट झाले. माहेरी माझ्या आजीने बाळाला घुटी चाटवण्याचा हट्ट धरला आणि तिच्या वयापुढे कोणी बोलू शकले नाही. सासरी आशाताईंनी सहा महिने फक्त अंगावरचे दूध असे समजावले, तेव्हा सासूबाईंनी निमूटपणे घुटीचे सहाण-बोंडले वर ठेवून दिले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेप दोन्हीकडे मिळते. बाजेखाली शेगडीही दोन्हीकडे येते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत ऊब हवीच, पण दार-खिडकी बंद करून निखारे ठेवणे आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शेक घ्यावा, मग शेगडी बाहेर काढावी आणि बाळाला उबेसाठी उराशी धरावे.

आणखी एक विषय असा आहे की जो बाजेवर पडल्या पडल्या ठरवू नये. दुसऱ्यानंतर ऑपरेशन करायचे का आणि कोणी करायचे, हे नवरा-बायकोने आठव्या महिन्याच्या आत एकमेकांशी बोलून ठेवावे. बाईचे ऑपरेशन सिझरबरोबर किंवा साध्या बाळंतपणानंतर आठवडाभरात होऊ शकते, आणि पुरुषाचे त्याहून सोपे असते. जाऊ माहेरी असताना हा निर्णय दोन घरांतल्या फोनवर झाला, आणि ज्या बाईच्या शरीराचा तो प्रश्न होता तिला शेवटी नुसते कळवण्यात आले. नवरा सोबत असणे ही सासरची मोठी जमेची बाजू मी इथे धरते.

आईला सासरी बोलावणे

माझ्यासारखा पेच ज्यांचा असेल, म्हणजे दवाखाना आणि मोठे लेकरू सासरकडे ओढतात आणि हात माहेरी मोकळे आहेत, त्यांनी आईलाच सासरी बोलावण्याचा विचार करावा. हे वाटते तितके सोपे नाही. लेकीच्या घरी जास्त दिवस राहणे आमच्या आयांना अवघड जाते; चुलीपाशी दोन बायका आल्या की कोण काय करणार, हेही ठरवावे लागते. लेकीने फोन केला तर आई "बघते" म्हणते आणि दोन दिवसांची पिशवी घेऊन येते. बोलावणे सासूबाईंकडून गेले पाहिजे, आणि त्यांना ते सुचवायचे काम नवऱ्याचे आहे. आमच्याकडे यांनी महिनाभर आधी तो विषय काढला. सासूबाईंनी स्वतः फोन लावला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, वेचणी काही माह्यानं सुटत नाही, तुम्ही या." आई पाचव्या दिवशी आली आणि सव्वा महिना झाल्यावर गेली. दिवसा ती, रात्री सासूबाई, अशी बाळाची पाळी लागली, आणि संध्याकाळी वावरातून आलेल्या विहिणीला माझी आई आधी पाणी आणि मग चहा देत असे.