दक्षिणाभिमुख गॅरेजचे दार: फिनिक्सच्या उन्हात वर्षभर वापरल्यानंतर

गॅरेजच्या दाराविषयीचे अनुभव लोक बहुधा दार बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहितात, आणि पहिल्या आठवड्यात कोणतेही दार छानच चालते. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या परिसरात मात्र दाराची खरी परीक्षा व्हायची असेल, तर कोरडा उन्हाळा, धुळीची वादळे आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन या तिन्हींतून ते जावे लागते. आमच्या दाराचे हे चक्र नुकतेच पूर्ण झाले. दार उत्तम आहे, ओपनरचा, म्हणजे दार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या मोटरचा, आवाजही जाणवत नाही. तरीही मी पाचपैकी तीनच तारे देत आहे, आणि कापलेले दोन्ही तारे जमिनीपासून सहा इंचांवर बसवलेल्या एका लहानशा भिंगाच्या नावावर आहेत.

हा खर्च मुळात निघाला तो जुन्या दाराची स्प्रिंग तुटल्यामुळे. दारावरच्या दांड्याला गुंडाळलेली टॉर्शन स्प्रिंग तुटते तेव्हा सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज होतो आणि त्यानंतर ओपनरचे बटण कितीही दाबले तरी दार उचलले जात नाही, कारण दाराचे वजन मोटर नव्हे, तर स्प्रिंग पेलत असते. साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघडझाप होईल या हिशेबाने बनवलेली असते. येथील घरांत पुढचे दार पाहुण्यांसाठी आणि गॅरेजचे दार घरच्यांसाठी अशी रीत असल्याने दिवसाला चार वेळा उघडझाप सहज होते, म्हणजे स्प्रिंगचे आयुष्य सात वर्षांच्या आसपास भरते. नवे दार घेताना २५,००० वेळांची स्प्रिंग थोडे जास्त पैसे देऊन घेतली. विक्रेत्याने सुचवलेल्या वाढीव खर्चांपैकी मनापासून पटलेला हा एकमेव खर्च. स्प्रिंग बदलण्याचे काम मात्र कोणीही घरी करू नये. त्या गुंडाळीत साठलेली शक्ती मनगट मोडण्याइतकी असते, आणि तेथे काटकसर दाखवण्याची माझीही तयारी नाही.

पॉलियुरेथेन भरलेल्या जाड दाराविषयी माझे मत मध्यंतरी दोनदा बदलले. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. तो उन्हाळा आठवत असल्याने उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा ‘आर-१८’ हा आकडा ऐकताच आम्ही होकार दिला. जुलै आला आणि गॅरेज पूर्वीइतकेच तापले, तेव्हा फसवणूक झाल्याची भावना झाली. नंतर लक्षात आले की हा आकडा फळीच्या मधल्या भागाचा असतो आणि फळ्यांमधले सांधे किंवा कडेच्या फटी त्यात धरलेल्या नसतात; शिवाय वरचे छत उघडे आणि आत येणारी गाडी तापलेली असेल, तर बिचारे दार एकटे काय करणार? त्याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. जूनमध्ये येथे दुपारचा सूर्य सुमारे ८० अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या दारावर थेट ऊन फारसे पडतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य ३३ अंशांपर्यंतच चढतो आणि दिवसभर दारावर पडून राहतो. ज्यांचे गॅरेज पश्चिमेकडे उघडते त्यांनी जाड दार अवश्य घ्यावे, परंतु दक्षिणेकडच्यांनी निम्म्या जाडीत भागवून उरलेले पैसे छताच्या इन्सुलेशनला लावावेत, असे आता माझे मत आहे. जाड दाराने आम्हाला गारवा दिला नाही, शांतता दिली. वरच्या खोलीत झोपलेल्यांना पहाटे दार उघडल्याचे कळत नाही.

येथील पावसाळा अधिकृतपणे १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजला जातो, आणि वर्षभराचा सारा पाऊस मिळून सरासरी सात इंच भरतो. महाबळेश्वरात श्रावणातल्या एखाद्या जोरदार दिवशी तेवढा पडून जातो. पावसापेक्षा त्याच्या आधी येणारी हबूब, म्हणजे आकाशाला भिडलेली धुळीची भिंत, दाराला जास्त जाचते. म्हणून वंगणाची कसोटी येथे वेगळी आहे. बिजागऱ्या, स्प्रिंग आणि बेअरिंग यांना सिलिकॉनचा किंवा पांढऱ्या लिथियम ग्रीसचा हलका फवारा पुरतो. रुळांना काहीही लावू नये, कारण त्यावर धूळ बसून जो लगदा तयार होतो तो रोलर अडवतो. रूळ कोरड्या फडक्याने पुसावेत, एवढेच. साध्या डब्ल्यूडी-४० ने करकर थांबते खरी, पण ते टिकाऊ वंगण नव्हे. थोड्याच दिवसांत करकर परत येते.

दाराच्या तळाची पट्टी हा दुसरा खर्च. कंपनीने दिलेली व्हिनाइलची पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात ताठरली आणि कोपऱ्यांशी चिरली, कारण खाली तापलेले काँक्रीट आणि बाहेरच्या कडेला ऊन असा दुहेरी मार तिला बसतो. तिच्या जागी ईपीडीएम रबराची पट्टी अॅल्युमिनियमच्या खाचेत स्वतः सरकवली. हे रबर ऊन चांगले सोसते आणि हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. फट बुजवण्याची घाई पाण्यासाठी नव्हती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो, पण येथील बार्क जातीच्या विंचवाला आमच्या गॅरेजमध्येच बिऱ्हाड हवे होते.

आता त्या भिंगाविषयी. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला, दाराखाली मूल किंवा प्राणी सापडू नये म्हणून, संरक्षणाची सोय असणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती सोय म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन सेन्सर असतात. एक अदृश्य किरण सोडतो आणि दुसरा तो टिपतो. किरण तुटला की दार खाली येत नाही आणि ओपनरचा दिवा लुकलुकत राहतो. योजना उत्तम आहे, फक्त किरण टिपणाऱ्या सेन्सरवर थेट ऊन पडले की तो दिपतो, आणि मध्ये कोणीतरी उभे आहे असे समजून दार अडवतो.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आमचे दार एकदाही अडले नाही. ऑक्टोबरात, मुलीला तबल्याच्या शिकवणीला नेण्याच्या वेळी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ते बंद होईनासे झाले. भिंतीवरचे बटण दार टेकेपर्यंत दाबून धरले तर सेन्सरला न जुमानता दार बंद होते, परंतु रिमोटने किंवा फोनने ते होत नाही. म्हणजे गाडी बाहेर काढायची, उतरून आत जायचे, बटण दाबून उभे राहायचे, घरातून फिरून पुढच्या दाराने बाहेर यायचे, त्याला कुलूप लावायचे आणि मग गाडीत बसायचे. स्वयंचलित दारासाठी एवढे पैसे मोजल्यावर ही प्रदक्षिणा कोणालाही चिडवील.

कंपनीचा तंत्रज्ञ सकाळी दहाला आला. त्या वेळी दार अर्थातच निर्दोष चालत होते. त्याने भिंगे पुसली, तारा ओढून पाहिल्या आणि भेटीचे ९५ डॉलर घेतले. तक्रार पुन्हा केल्यावर दुसरा आला, तो भर दुपारी. त्याने दोन्ही सेन्सर आणि ओपनरचा सर्किट बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. सुटे भाग वॉरंटीत, मजुरीचे २४० डॉलर मात्र आमचे. संध्याकाळी पाचला माणूस पाठवा, या माझ्या विनंतीवर ‘शेवटची भेट चारची असते’ हे उत्तर मिळाले.

निदान केले ते दिवाळीसाठी नागपूरहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी. संध्याकाळी गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसण्याची त्यांना सवय लागली होती. “जावईबापू, त्या पलीकडच्या डोळ्यावर ऊन आलं की तुमचं दार अडतं. जरा आडोसा धरून बघा,” असे ते म्हणाले, आणि मी वर्तमानपत्राची घडी धरताच सेन्सरवरचा हिरवा दिवा स्थिर होऊन दार खाली आले. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दारात पूर्वेच्या चौकटीवरील सेन्सर पश्चिमेकडे पाहतो. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे ते ऊन दारातून आत येतच नाही. ऑक्टोबरात तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला उतरतो आणि थेट त्या भिंगात डोकावतो. बसवणाऱ्याने किरण टिपणारा सेन्सर नेमका तेथेच लावला होता. भिंगावर थेट ऊन पडणार नाही अशा बेताने सेन्सर बसवावेत, असे ओपनरच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे, आणि माझा राग या छापील ओळीमुळे अधिक आहे.

उपाय फुकटाचा होता. वीज बंद करून दोन्ही सेन्सरांची अदलाबदल केली. दोघांच्या तारा ओपनरच्या एकाच जोडणीवर जात असल्याने रंगाला रंग जुळवणे पुरले. संध्याकाळचा त्रास त्याच दिवशी संपला आणि मी चौथा तारा परत देण्याच्या विचारात होतो. डिसेंबरात मात्र सूर्य आग्नेयेकडे इतका सरकून उगवू लागला की शेजारच्या घराचा आडोसा चुकवून शाळेच्या वेळी ऊन आता पश्चिमेकडच्या, नव्याने तेथे गेलेल्या सेन्सरवर येऊ लागले. त्यावर सव्वा इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा पाच इंचांचा तुकडा भिंगापुढे नळीसारखा बसवला. पांढरी नळी आतून उलट चमकते, म्हणून तिला आतून काळा, चकाकी नसलेला रंग दिला. त्यानंतर मार्च संपेपर्यंत दार अडलेले नाही. दोन्ही सेन्सर काढून वर छताशी समोरासमोर बांधून टाकण्याची युक्ती आमच्या गल्लीत एकाने केली आहे. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे ती पाहून अंगावर काटा येतो.

भेटीचे ९५ डॉलर परत मागितले असता कंपनीने पुढच्या सेन्सर-दुरुस्तीवर तेवढीच सवलत देणारे कूपन पाठवले. त्याची मुदत १ मे ते ३१ ऑगस्ट आहे.